निघेपर्यंत ठेवा

आमच्या शैलशिखर सहकारी गृहरचना संस्थेत बत्तीस सदनिका आहेत. त्यांपैकी एकतीस सदनिकांमधली माणसं सतत कुठे ना कुठे निघालेली असतात आणि एकशे दोनमधल्या हेमाताई घरी असतात. संस्थेचा सगळा कारभार या दोन गोष्टींवर सुरळीत चालतो. मी या संस्थेचा मानद सचिव, सदनिका दोनशे दोन. गेल्या महिन्यातल्या वणव्याबाबत सभासदांमध्ये उलटसुलट बोललं जात असल्याने झालेली हकिगत जशीच्या तशी लिहून ठेवणं माझं कर्तव्य आहे.

हेमाताई एकाहत्तर वर्षांच्या. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त. लग्न केलं नाही. एक गुडघा बदलून झाला आहे, दुसरा बदलायचा आहे, त्यामुळे फारसं कुठे जाणं-येणं नाही. त्यांच्या दारामागे खिळे ठोकलेली एक फळी आहे आणि तिच्यावर संस्थेतल्या किल्ल्या असतात. कुणाच्या कामवाल्या बाई अकराला येतात, कुणाचा सिलिंडर येतो, कुणाचा मुलगा क्लासहून लवकर परततो. किल्ली हेमाताईंकडे ठेवली की काळजी मिटते. "तुम्ही काय, घरीच असता," असं म्हणून किल्ली द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. आभार वेगळे मानायची पद्धत नाही, कारण शेजारधर्मात ते परकं वाटतं.

मंगळवारी दुपारी सव्वातीनला हेमाताईंचा मला फोन आला.

"सचिवसाहेब, मागच्या टेकडीवर वणवा लागलाय. वारा आपल्या दिशेनं आहे. मी निघतेय. भाची येतेय न्यायला. बाकीच्यांना कळवा."

"कोण निघतंय?"

"मी."

"तुम्ही?"

मला ऐकण्यात काही चूक झाली असेल असं वाटलं. वणवा आमच्या टेकडीवर दर उन्हाळ्यात लागतो. हेमाताई निघाल्याचं मात्र मी अकरा वर्षांत ऐकलेलं नव्हतं. मी गॅलरीत जाऊन पाहिलं. टेकडीच्या अर्ध्यावर धूर होता आणि धुराखाली एक लाल रेघ हळूहळू खाली सरकत होती. वणवा कशाने लागला हे अजून कळलेलं नाही. त्याच सकाळी संस्थेचा पालापाचोळा मागच्या भिंतीपलीकडे नेऊन, ठरावानुसार, जाळण्यात आला होता. पण त्याचा याच्याशी संबंध जोडणं घाईचं ठरेल.

पावणेचारला वनखात्याचा एक वनरक्षक मोटारसायकलवरून फाटकाशी आला. सुदर्शन त्याचं नाव, मूळचा वर्ध्याकडचा. त्याच्या भुवया जळालेल्या होत्या आणि त्याने बसायलाही नकार दिला.

"साहेब, वारा फिरून राहिला. आम्ही चारच जण आहोत वर. अर्ध्या घंट्यात बिल्डिंग खाली करा."

"लेखी काही आणलं आहे का?"

त्याने टेकडीकडे बोट दाखवलं आणि निघून गेला. हल्लीच्या कर्मचाऱ्यांना कागदाचं महत्त्व राहिलेलं नाही.

वेळ थोडा होता, म्हणून मी नवीन सूचना लिहीत बसलो नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाणाऱ्यांसाठीची सूचना माझ्या फोनमध्ये तयार होती. तीच थोडी बदलून ग्रुपवर टाकली. 'दिवाळीनिमित्त'च्या जागी 'वणव्यानिमित्त' केलं. 'बाहेरगावी जाणाऱ्या सभासदांनी गॅस व पाण्याचे नळ बंद करावेत, दारातील रांगोळी पुसू नये, घराची किल्ली सौ. किंवा श्रीमती शेजाऱ्यांकडे ठेवावी, सर्वांना हार्दिक शुभेच्छा' हे तसंच राहिलं. लगेच बावीस जणांनी हात जोडले आणि दोघांनी फटाक्याचं चित्र पाठवलं. सूचना सर्वांपर्यंत पोहोचली, याचा हा पुरावा आहे.

घर सोडायचं म्हणजे उठलं आणि निघालं, असं आपल्याकडे होत नाही. खरकटी भांडी तशीच टाकून कुणी जात नाही. परत आल्यावर त्या मोरीकडे बघवेल का? मग भांडी घासली गेली. सकाळची आमटी वाया कशी घालवायची म्हणून चार घरांत पुन्हा पानं मांडली. आमच्याकडे सौ.ने ओटा पुसला, देवासमोरचं निरांजन आगीच्या भीतीने विझवलं, आणि रात्रीसाठी दुधाला विरजण लावलं. मी म्हटलं, अगं, रात्री आपण मांजरी गावात तुझ्या भावाकडे आहोत. ती म्हणाली, "उद्या आल्यावर दही लागेलच ना?" मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

या सबंध काळात पूर्ण तयार असं इमारतीत एकच माणूस होतं. हेमाताई पायांत चपला घालून, निळी पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. पिशवीत औषधं, ऑपरेशनचे कागद, आईचा फोटो आणि एक्सचेंजमधल्या मैत्रिणींनी निरोपाच्या दिवशी दिलेला जुना हेडफोन. बस्स. त्यांची भाची अस्मिता सदाशिव पेठेतून स्कूटरवर निघाली होती.

चार वाजून पाच मिनिटांनी त्यांच्या दाराची घंटा वाजली. दोनशे चारमधल्या चैतालीबाई होत्या.

"हेमाताई, किल्ली ठेवते हं."

"अहो, मीही निघतेय."

"हो हो, निघा ना. निघेपर्यंत ठेवा."

यात कुणाला काही खटकण्यासारखं नव्हतं. हेमाताईंनाही ते लगेच खटकलं नाही. त्यांनी किल्ली घेतली. मग घंटा वाजतच राहिली. सव्वाचारला सात घरांच्या किल्ल्या होत्या, साडेचारला एकोणीस घरांच्या. प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की मी निघतेय, आणि प्रत्येकाने मोठ्या मनाने त्यांना निघायची परवानगी दिली. तिसऱ्या मजल्यावरचा आमोद कानातले इअरफोन न काढता म्हणाला, "काकू, पाच ते सातमध्ये माझं एक पार्सल येईल. एअर प्युरिफायर आहे. ओटीपी तुम्हाला फॉरवर्ड करतो." हेमाताई म्हणाल्या, "अरे, पण मी नसेन." तो म्हणाला, "चालेल, तुम्ही नसाल तर कॉल करायला सांगा." आणि जिना उतरून गेला.

खिळे भरले तशा किल्ल्या टेबलावर आल्या. सेफ्टी डोअरच्या धरून एका घराच्या दोन. कुणाच्या किल्लीला नाव नाही, कुणाच्या जुडग्याला गेल्या भाडेकरूचं नाव. हेमाताईंनी मग त्या दुसऱ्या कुणाला द्याव्यात म्हणून शेजारच्या एकशे तीनची घंटा वाजवली, तर एकशे तीनची किल्ली त्यांच्याच हातात होती. खाली वॉचमन वैजनाथला देऊ केल्या, तर त्याने हात मागे घेतले. सभासदांच्या किल्ल्या वॉचमनने स्वीकारू नयेत, असा माझ्याच सहीचा फलक त्याच्या खुर्चीमागे आहे. त्याने नियम पाळला याचं मला त्या गडबडीतही समाधान वाटलं.

पावणेपाचला मी स्वतः एकशे दोनमध्ये गेलो. हेमाताई टेबलाशी उभ्या होत्या.

"सचिवसाहेब, हे काय आहे? मी या सगळ्या घेऊन कुठे जाऊ?"

"घेऊन जायचं नाहीच मुळी," मी समजावलं. "समजा, अग्निशामक दलाचे लोक आले. त्यांना आत जायचं झालं तर ते काय करतात? दार फोडतात. आपल्याकडे निम्म्या घरांची दारं सागवानी आहेत. किल्ल्या इथे असतील तर फोडायची वेळ येणार नाही."

"म्हणजे किल्ल्या इथे ठेवून जाऊ?"

"बेवारस? साठ किल्ल्या?"

मला पुढचं बोलताना थोडं अवघडल्यासारखं झालं, हे मी कबूल करतो. म्हणून मी ते तोंडी न सांगता लेखी दिलं. 'श्रीमती हेमाताई यांची किल्ली-संरक्षक या मानद पदावर सर्वानुमते नेमणूक करण्यात येत आहे. सर्व किल्ल्या संबंधितांनी परत नेईपर्यंत किल्ली-संरक्षकांनी आवार सोडू नये.' खाली सही केली, शिक्का मारला. इतक्या वर्षांत त्यांना संस्थेने कुठलंच पद दिलं नव्हतं, ही त्रुटीही त्यामुळे दूर झाली. मग आमच्याही दोन किल्ल्या दिल्या आणि विरजणाचं पातेलं टेबलावर ठेवलं. "सहा वाजता फ्रिजमध्ये सरकवा. नाहीतर आंबट होतं," असा सौ.चा निरोपही सांगितला.

खाली आलो तेव्हा सातव्या मजल्यावरच्या राजनंदिनीबाई त्यांच्या सासूबाई वेणूबाईंना हाताला धरून जिना चढवत होत्या. वय चौऱ्याऐंशी. लोक उतरत असताना या वर का जातात, मला कळेना.

"गाडीत जागाच उरली नाही हो," त्या म्हणाल्या. "टीव्ही आडवा ठेवता येत नाही म्हणे, उभाच न्यावा लागतो. दुसऱ्या फेरीत नेतो सासूबाईंना. तोवर हेमाताईंकडे बसतील. त्या काय, घरीच आहेत."

पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो. गाडी फाटकातून वळताना मी मागे पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत हेमाताई उभ्या होत्या, शेजारी वेणूबाई. धुराने खिडकीची काच पिवळी झाली होती. हेमाताईंनी हात वर केला. तो बोलावण्यासाठी होता की निरोपाचा, मला नीट दिसलं नाही. मीही हात केला. मग सौ.ने काचा वर करून एसी लावला आणि जरा बरं वाटलं.

यापुढची हकिगत सीसीटीव्ही आणि संबंधितांचे जबाब यांवरून लिहिली आहे.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी अस्मिता फाटकाशी आली. वैजनाथने तिला थांबवलं. "मॅडम, ॲपवर मंजुरी आल्याबिगर सोडता येत न्हाई." मंजुरी हेमाताईंच्या फोनवरून यायची होती आणि त्या फोनवर तेव्हा आमोदच्या पार्सलचा माणूस रस्ता विचारत होता. अकरा मिनिटं गेली. शेवटी अस्मिताने स्कूटर तशीच आत घातली. या बेशिस्तीची नोंद रजिस्टरमध्ये आहे.

"आत्या, चल."

"आधी यांना ने," हेमाताई वेणूबाईंकडे बघून म्हणाल्या.

"आणि तू?"

"माझ्याकडे किल्ल्या आहेत."

"फेकून दे त्या! लोकांना लाज नाही आणि तुला अक्कल नाही!"

"एकतीस घरं आहेत गं. विश्वासानं ठेवल्यात." मग त्या खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "आणि यांची दुसरी फेरी काही येत नाही. मला दिसतंय ते."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. खडकवासल्याकडून येणारा रस्ता तोवर पूर्ण तुंबला होता आणि राजनंदिनीबाईंची गाडी, टीव्ही, यजमान हे सगळे आमच्याच पुढे तीन गाड्या सोडून उभे होते. अस्मिताने रडत रडत वेणूबाईंना ओढणीने स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि चुकीच्या बाजूने स्कूटर काढली. वेणूबाई वाटेत दोनदा म्हणाल्या की, बाई, मला कुणी विचारलंच नाही.

सहाला पाच मिनिटं कमी असताना सुदर्शन भिंतीवरून उडी मारून आत आला. गवत भिंतीपर्यंत जळत आलं होतं. त्याला वरच्या खिडकीत माणूस दिसलं.

"मावशी! तुमी अजून इथंच काय करून राहिल्या?"

हेमाताईंनी त्याला नेमणुकीचा कागद दाखवला. त्याने तो वाचला आणि त्यावरच्या नंबरवर मला फोन लावला. मी स्वारगेटच्या आसपास अडकलो होतो.

"साहेब, या मावशीला घेऊन जाऊन राहिलो मी."

"एक मिनिट. किल्ल्यांचं काय? दारं फोडायची वेळ आली तर?"

पलीकडे काहीतरी तडतडत होतं.

"दारच जळून गेलं तं किल्ली कशाले पाहिजे, साहेब?"

मी त्याला हा मुद्दा लेखी मांडायला सांगितलं. फोन बंद झाला होता.

गुडघ्यामुळे हेमाताईंना जिना भरभर उतरवत नव्हता. सुदर्शन म्हणाला, "मावशी, एक हात माझ्या खांद्यावर ठेवा. दुसऱ्या हातात एकच पिशवी घ्या. एकच." टेबलावर दोन होत्या. एक निळी, औषधांची आणि फोटोची. दुसरी बाजाराची जाड कापडी पिशवी, तिच्यात बासष्ट किल्ल्या. जिन्यातल्या कॅमेऱ्यात त्या उतरताना दिसतात. हातात कापडी पिशवी आहे आणि तिच्या वजनाने त्या एका बाजूला झुकल्या आहेत.

निघताना त्यांनी विरजण फ्रिजमध्ये ठेवलं होतं. तेव्हा सहा वाजले नव्हते, हेही नोंदवतो.

सव्वासहाला भिंतीलगतचं बाभळीचं झाड पेटलं आणि एकशे दोनच्या गॅलरीवर पडलं. अग्निशामक दलाने तासाभरात आग विझवली. एकशे दोनचा दिवाणखाना आणि स्वयंपाकघर गेलं. निळी पिशवी गेली. बाकी इमारतीला धक्का लागला नाही. फक्त धूर वर चढल्यामुळे सिलिंडर बाहेर काढायला दोनशे दोन आणि तीनशे दोनचं दार फोडावं लागलं, कारण किल्ल्या जागेवर नव्हत्या. एकशे दोनचं दार तेवढं फोडावं लागलं नाही. ते उघडंच होतं. दोन्ही हात गुंतलेले असल्याने स्वतःच्या घराला कुलूप लावायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व सभासद परतले आणि फाटकाशी हेमाताईंची वाट बघत उभे राहिले, कारण दार फोडलेली दोन घरं सोडली तर कुणालाच घरात जाता येत नव्हतं. अस्मिता त्यांना घेऊन साडेनऊला आली. त्या रात्रभर खोकत होत्या. बाकावर बसून त्यांनी एकेकाची किल्ली ओळखून ज्याच्या त्याच्या हातात दिली. एकही चुकली नाही. मग सभासदांनी आपापल्या तक्रारी मांडल्या. सकाळपासून उन्हात तिष्ठत राहावं लागलं. किल्ल्या आवाराबाहेर नेल्याच कशा? राजनंदिनीबाईंच्या सासूबाईंना परस्पर सदाशिव पेठेत पाठवलं. आमोदचं पार्सल परत गेलं. मी सर्वांच्या वतीने कारणे दाखवा नोटीस काढली. पण ती द्यायला गेलो तर एकशे दोनमध्ये भिंतच काळी होती, चिकटवायला जागा नव्हती. शिवाय फ्रिजचं दार वितळून बंद झालेलं. आमचं पातेलं अजून आतच आहे.

मागच्या शनिवारी हेमाताई पुन्हा आल्या होत्या. सध्या त्या अस्मिताच्या खोलीवर राहतात, तीन जिने चढून. घराच्या दुरुस्तीला वायरमन, रंगारी, सुतार यायचे आहेत, पंधरा-वीस दिवसांचं काम. रोज येणं गुडघ्याला जमणारं नाही. त्यांनी वरच्या मजल्यापासून एकेक घंटा वाजवायला सुरुवात केली.

"माझी एक किल्ली ठेवाल का? कारागीर आले की फक्त उघडून द्यायचं."

राजनंदिनीबाई म्हणाल्या, दुसऱ्याच्या घराची जोखीम नको वाटते हो. चैतालीबाई म्हणाल्या, आम्ही कधी असतो, कधी नसतो. आमोद म्हणाला, "काकू, नक्की ठेवली असती, पण मी दिवसभर घरीच असतो ना, मीटिंग्ज असतात." शेवटी त्या आमच्याकडे आल्या. आमच्या नव्या दाराला बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप आहे, त्यामुळे किल्ली या विषयाशी आमचा संबंधच उरलेला नाही, हे मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या. एक्सचेंजमध्ये लाइन लागली नाही की त्या असंच म्हणत असतील. मला फार वाईट वाटलं. मी दार लावून घेतलं. ते आपोआप लागतं.

त्या खाली फाटकाशी बाकावर बसून राहिल्या, किल्ली मुठीत धरून. संध्याकाळी अस्मिता न्यायला येईपर्यंत तशाच होत्या. माझ्या गॅलरीतून बाक सरळ दिसतो.

संस्थेत कुणाची तयारी नसल्याने आता हा विषय मी संस्थेबाहेरच्या मंडळींपुढे ठेवत आहे. आपण इथपर्यंत सावकाश वाचत आलात, त्या अर्थी आपण घरीच असता. एकच किल्ली आहे. सेफ्टी डोअर जळालं, त्यामुळे दुसरी नाही. विरजण नाही, पार्सल नाही, सासूबाई नाहीत. फक्त घंटा वाजली की उठून दार उघडून द्यायचं.

काय म्हणालात? आपणही आत्ता निघतच होता?

हो हो, निघा ना. निघेपर्यंत ठेवा.